बिनमोरचुदाची खळ

पुंडलिक बाइंडरच्या दाराशी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं आणि पुंडलिकभाऊ आत होते. हे मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं ते आठ-दहा दिवसांनी, आणि मधल्या काळात मी त्यांना सरळ लबाड ठरवून मोकळा झालो होतो.

गेल्या महिन्यात ते वारले. त्यांच्या मुलीचं कार्ड आलं. ती एके काळी माझ्या वर्गात होती. कार्ड वाचून पहिल्यांदा मनात आलं ते असं, की पुंडलिक नावाची माणसं वऱ्हाडात पुष्कळ, हे दुसऱ्याच कुणाचं तर नसेल? दोनदा कार्ड उलटून पत्ता पाहिला. दुःख त्यानंतर आलं. या माणसाच्या बाबतीत माझं कायम असंच होत आलं, आधी शंका आणि मग बाकीचं.

महाराष्ट्र नुकता झाला होता तेव्हा मी नगरकडून खामगावला शिक्षक म्हणून आलो. सकाळची शाळा करायचो आणि संध्याकाळी गावातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बसायचो. वऱ्हाडी बोली माझ्या कानाला नवी होती. शाळेचा शिपाई म्हणायचा, "हेडमास्तर येऊन राह्यले," आणि मी लगबगीनं उठून उभा राहायचो. मला वाटायचं, आलेसुद्धा. प्रत्यक्षात हेडमास्तर अजून रस्त्यात असायचे. 'येऊन राह्यले' म्हणजे 'येत आहेत', 'करून राह्यलो' म्हणजे 'करतो आहे', हे अंगवळणी पडायला महिना गेला.

वाचनालयाचे चिटणीस होते दादासाहेब. त्यांचा स्वतःचा छापखाना होता. पुंडलिकभाऊ चौदा वर्षं त्याच छापखान्यात बाइंडर होते आणि मी येण्याआधी दोन वर्षं नोकरी सोडून त्यांनी घरीच बांधणीचं काम सुरू केलं होतं. दादासाहेबांना ते लागलं होतं. ते बोलून दाखवत नसत, पण छापखान्यात पुंडलिकभाऊंचं लाकडी स्टूल तसंच ठेवलेलं होतं आणि त्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नसत.

त्या साली दिवाळीनंतर वाचनालयाची सरकारी तपासणी व्हायची होती. तपासणीत वाचनालय उतरलं तरच अनुदान चालू राहणार, आणि आमची तीनशेच्या वर पुस्तकं सुटी झालेली, पाठ गेलेली, काही तर सुतळीनं बांधून ठेवलेली. ती बांधायला कुणाला द्यायची यावर बैठक झाली. मला वाटलं, दादासाहेब काम स्वतःच्या छापखान्याला घेतील. पण ते म्हणाले, "पुंडलिकला द्या. पावसाळ्याआधी झालं तर दरसालचं काम त्याचं. नाही झालं, तर तो आपणहून माझ्या स्टुलावर येऊन बसेल." यात त्यांचा डाव होता की माया होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

तेव्हा पुस्तकं हातगाडीवर घालून पुंडलिकभाऊंकडे गेली, आणि लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

मी पहिल्यांदा गेलो, कुलूप. दोन दिवसांनी भर दुपारी गेलो, कुलूप. समोरच्या चहाच्या दुकानात बद्रीशेठ स्टोव्हला पंप मारत होते. त्यांनी विचारलं, "पुंडलिकले पाहून राह्यले का, गुरुजी?"

"कुठे गेलेत ते?"

"आता काय सांगू, बाप्पा! सकाळी दहाले जे कुलूप लागते थे चारले निघते. माणूस दिसत नाही. पन काम तं रोज बाहीर येते. कोन करते, देवाले ठाऊक."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

बद्रीशेठ माझ्याजवळ वाकले. "लोक म्हणतात, काम दुसऱ्याले देते न् हा जाते रुईच्या आकड्यावर पैसे लावाले. मी नाही म्हणत. लोक म्हणतात."

आमची तीनशे पुस्तकं कुणा तिऱ्हाइताच्या घरात पडली आहेत, या विचारानं मला अन्न गोड लागेना. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम पावणेचारला जाऊन दाराजवळ उभा राहिलो. कुलूप होतंच. पण आतून ठक ठक असा आवाज येत होता. पुस्तकाच्या पाठीवर हातोडी मारल्याचा आवाज. मी दार वाजवलं. आवाज थांबला. मी विचारलं, "कोण आहे आत?" थोड्या वेळानं पुन्हा ठक ठक.

एवढ्यात डोक्यावर रिकामी टोपली घेतलेली एक बाई आली. कमरेची किल्ली काढून तिनं कुलपाला लावली. या गोदावहिनी. त्यांच्या भावाच्या मळ्यातली वांगी-मेथी घेऊन त्या रोज बाजारात बसत.

"बाई, आत कुणीतरी आहे," मी म्हणालो.

"हाव. माह्या घरचा माणूस हाय. चोर नाही."

"त्यांना कोंडून ठेवलंय?"

"त्यायनंच सांगतलं कोंडाले. मले काय हौस हाय?" आणि दार ढकलत आत ओरडल्या, "सुटले हो तुमी! हे गुरुजी जमानत द्याले आले."

आत पुंडलिकभाऊ मांडी घालून बसले होते. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, बोटांना वाळलेली खळ. भिंतीशी आमची पुस्तकं रचलेली होती, झालेली एकीकडे, न झालेली दुसरीकडे, मध्ये हातभर मोकळी जागा. झालेली जास्त होती. त्यांनी मला बसायला पुठ्ठ्यांचा गठ्ठा सरकवला आणि कुलपाची हकिकत अशी सांगितली, की जणू दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगत आहेत.

"छापखान्यात होतो तं भोंगा वाजला की बसो, भोंगा वाजला की उठो. दादासाहेबाची नजर पाठीवर. वाटे, याच्यापेक्षा आपलं आपण करू. मंग घरी आलो, मालक झालो. अन् गुरुजी, मालक झालो त्याच्या पह्यल्याच दिवशी नोकर पळाला."

"कोण नोकर?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "हा. लय बदमाश हाय. याले काम सांगा, याले तहान लागते. सुई ओवाले सांगा, समोर कोन आलं थे पाहाले जाते. बद्रीच्या दुकानात तं याची बैठक होती. वरीसभर म्या याचं ऐकलं. आता नाही ऐकत. कोंडतो."

त्यांची ही सवयच होती. काम करणाऱ्या आणि काम टाळणाऱ्या स्वतःला ते दोन माणसं समजत, आणि टाळणाऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "आज थो फार गोड बोलत होता," ते सांगत. "म्हणे, डोये दुखतात, जरा आंग टाकू. म्हटलं, बेट्या, दाभण उचल." गावातल्या कुणाही संशयखोर माणसानं त्यांच्यावर जेवढा संशय घेतला नसेल तेवढा ते स्वतः घेत. कुलूप त्यांनी स्वतःच बाजारातून आणलं होतं, आणि किल्ली कुठे ठेवतेस हे मला सांगू नको, असं बायकोला बजावलं होतं.

कुलपाइतकीच त्यांची खळही वेगळी होती. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला चिकट लगदा. बांधणी तिच्यावरच चालते. बाकीचे बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. मग ती निळसर होते आणि तीन-चार दिवस टिकते. पुंडलिकभाऊंची खळ पांढरी स्वच्छ होती. मी विचारलं तेव्हा ते खूश झाले.

"मोरचूद म्या सोडला. खळ टिकली की मीबी टिकतो, गुरुजी. आज नाही तं उद्या. आता कशी, सकाळी शिजवली की दिवस मावळाले आंबते. घरात वास सुटते. मंग हे," त्यांनी गोदावहिनींकडे पाहिलं, "भांडं घेऊन उकिरड्यावर फेकते अन् गल्लीभर मले शिव्या देते. म्हणून थे आंबाच्या आत संपवाच लागते. ही खळ माहा मुकादम हाय."

"अन् मी?" गोदावहिनी चुलीजवळून म्हणाल्या.

"तू जेलर."

मला हे फार चतुर वाटलं. संध्याकाळी मी ते माझ्या टिपणवहीतही लिहून ठेवलं. मोरचूद घालतात तो कशासाठी, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. मी तर नुसता वाचणारा माणूस. ज्यांना माहीत होतं ते पुंडलिकभाऊही त्या भरात ते विसरले होते.

त्यांच्या घरात एका शब्दाला बंदी होती. कुठलंही काम 'करून राह्यलो' असं ते म्हणत नसत आणि कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. झालं का नाही झालं, दोनच उत्तरं. एकदा मी बसलो असताना गोदावहिनी म्हणाल्या, "बसा गुरुजी, भाकर करून राह्यली."

"झाली का नाही झाली?" पुंडलिकभाऊंनी विचारलं.

"तवा तापू द्या की! का तापून राह्यला थेबी नाही म्हणू? इतकी घाई हाय तं कच्चं पीठ खा."

मी हसलो. पुंडलिकभाऊ हसले नाहीत. ती बंदी कशी आली, हे त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं, दोरा ओढता ओढता, मान वर न करता.

नोकरी सोडली त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. साखरखेर्ड्याकडचा एक म्हातारा लेकीकडे राहायला आला होता. त्याच्याजवळ वडिलांच्या हातची एक पोथी होती, पानं सुटी झालेली. ती बांधायला त्यानं दिली. काम एका दिवसाचं. म्हातारा दर बाजाराच्या दिवशी काठी टेकत यायचा आणि विचारायचा, "झाली का बा?" पुंडलिकभाऊ सांगायचे, "बांधून राह्यलो, आजा." म्हातारा समाधानानं जायचा. खरं तर पोथी फडक्यातून सोडलेलीसुद्धा नव्हती. असे किती बाजार गेले. मग एका बाजाराला म्हाताऱ्याऐवजी त्याची लेक आली. "बाबा गेले, आता पानं तशीच द्या," एवढंच म्हणाली, आणि ओच्यात घेऊन गेली.

"म्या त्याले खोटं नाही सांगतलं," पुंडलिकभाऊ म्हणाले. "आपल्या बोलीत सोयच तशी हाय. बांधून राह्यलो. बांधलं का? नाही. नाही बांधलं का? तसंबी नाही. मधातच कोठीतरी बसाची जागा हाय. मी वरीसभर त्या जागेवर बसलो होतो."

काम पावसाळ्याआधी पंधरा दिवस पूर्ण झालं. दादासाहेबांनी स्वतः येऊन एकेक पुस्तक उघडलं, पाठी दाबून पाहिल्या, शिवण ताणून पाहिली. नाव ठेवायला जागा नव्हती. "चौदा वर्षं मी शिकवलंय," ते म्हणाले आणि दरसालचं काम पुंडलिकभाऊंच्या नावे लिहिलं. पुंडलिकभाऊ त्या दिवशी कुलूप न लावता दिवसभर बद्रीशेठकडे बसले.

पावसाळा संपला, दसरा झाला, आणि मग मला ते चमत्कारिक वाटू लागलं.

पुंडलिकभाऊ वाचनालयाचे सभासद झाले. आनंदाची गोष्ट. सभासदाला एका वेळी दोन पुस्तकं मिळत. पहिल्या दिवशी त्यांनी एका कादंबरीचा तिसरा भाग आणि सुईणींसाठी लिहिलेलं एक जुनं पुस्तक नेलं. मी म्हटलं, "पुंडलिकभाऊ, पहिले दोन भाग आधी वाचा." ते म्हणाले, "तिसऱ्याचीच गरज हाय." दोन दिवसांनी ती परत आणून संस्कृत व्याकरण आणि उसाच्या रोगांवरचं एक पुस्तक नेलं. ज्याला स्वतःचं नाव लिहायला वेळ लागे, तो माणूस दोन दिवसांत व्याकरण वाचून परत करत होता.

मी विचारलं, "उसात एवढं लक्ष कुठून आलं?"

"पाहून…" ते थांबले. जीभ चावली. "पाह्यलं नाही अजून. पाहाचं हाय."

ते पुस्तक घेताना माझ्या डोळ्यांकडे पाहत नसत. पुस्तक उघडून पाठीच्या आत बोट घालत, वास घेत आणि पटकन मिटत. मग मला शेल्फांत फटी दिसू लागल्या. नोंदवहीत नोंद नाही आणि पुस्तक जागेवर नाही. मोजली तर सात. दुसऱ्या आठवड्यात त्यातली तीन जागेवर आली आणि वेगळी पाच गेली. मी काचेच्या कपाटाआडून पाळत ठेवली. मग एका संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, पुंडलिकभाऊंनी दोन जाड पुस्तकं गोदावहिनींच्या भाजीच्या पिशवीत घातली, वर मेथीची जुडी ठेवली, आणि मला नमस्कार करून जिना उतरून गेले.

मी तेव्हा काय करायला हवं होतं ते आता मला नीट दिसतं. जिना उतरून हाक मारायला हवी होती. मी स्वभावानं दिरंगाईचा माणूस. पत्रांची उत्तरं महिनोन्‌महिने राहतात. हे लिहायलासुद्धा पुंडलिकभाऊ जाण्याची वाट पाहिली. पण आयुष्यात एक काम मी जराही न रेंगाळता केलं. तिथेच टेबलावर बसून दादासाहेबांना चिठ्ठी लिहिली, की पुस्तकं चोरीला जात आहेत आणि नेणारा मी पाहिला आहे. खाली नाव लिहिलं. घरी जाताना ती छापखान्यात देऊनही टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुंडलिकभाऊंच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर मला मुद्देमाल पाहायचा होता. गोदावहिनींनी दार उघडलं. आत आमची नेलेली पुस्तकं होती, आणि सगळी उकललेली. पाठी काढलेल्या, पुठ्ठे वेगळे केलेले. शेजारी पातेल्यात खळ होती. निळी.

पुंडलिकभाऊ उठले नाहीत. एका पुस्तकाची जुनी पाठ त्यांनी माझ्या हातात दिली. आतल्या बाजूनं सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं, आणि हाताला पिठासारखी भुकटी लागली.

"कसर," ते म्हणाले. "मोरचूद कीड मारते, गुरुजी. म्या थोच काढला. उन्हाळ्यात काही दिसलं नाही. पावसाची ओल लागली अन् लागली खाले. निर्मळ मैदा. कीड काऊन सोडन?"

"किती पुस्तकांना?"

"एकशे चौदा. बाकीच्यायले नाही. चैतातली खळ जराशी जास्त पातळ होती, थे वाचले." त्यांनी आकडे कागदावर न पाहता सांगितले. "म्या आपल्या आळसाले मारासाठी खळ नासवली, अन् थो आळस तं मेला नाही, पुस्तकायले खाऊन गेला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं दादासाहेब म्हणते, ये, बस स्टुलावर. मले एकडाव पाहाचं होतं, माहं बिघडलं थे मी सोता नीट करतो का नाही. तपासणीच्या आत. दोन-दोन नेत बसलो तं फागुन उजाडते. म्हणून मंग पिशवीत नेले. थे चुकलं."

"आता मोरचूद घातल्यावर खळ टिकत असेल. कामात सवड होत नाही?"

"खळ टिकते चार दिवस. माहा जीव एक दिवस टिकत नाही."

मी त्यांना चिठ्ठीबद्दल सांगितलं नाही. तडक छापखान्यात गेलो आणि दादासाहेबांना म्हणालो, माझा गैरसमज झाला, चिठ्ठी परत द्या. दादासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "गुरुजी, चिठ्ठी लिहीपर्यंत ती तुमची होती. आता ती समितीची आहे."

बैठक झाली. पुंडलिकभाऊंना बोलावलं होतं. दादासाहेबांनी चिठ्ठी हातात धरून वाचली, माझं नाव मात्र घेतलं नाही. मी खिडकीजवळ बसून रस्त्याकडे पाहत होतो. पुंडलिकभाऊ उभे राहिले. त्यांनी चिठ्ठीकडे एकवार पाहिलं आणि सांगायला लागले. कुणी विचारण्याची वाट पाहिली नाही.

"पुस्तकं म्या नेली. न इचारता नेली. कसर माह्या खळीनं लागली. एकशे चौदा होते. शहाण्णव झाले. अठरा नाही झाले."

एक सभासद म्हणाले, "म्हणजे अठरांचं काम चालू आहे, असंच ना?" त्यांना बिचाऱ्यांना मदतच करायची होती.

"नाही साहेब. नाही झाले."

मग दादासाहेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "पुंडलिक, ये परत. इथं काय ते मी सांभाळून घेतो. तुझं स्टूल आहे तिथंच आहे."

मला वाटलं, ते होकार देतील. कुणीही दिला असता. पुंडलिकभाऊंनी हात जोडले. "दादासाहेब, तुमचं मन मोठं हाय. पन तिथं माहं काम तुमच्या धाकानं होईन. माह्या धाकानं माहं काम होते का नाही, थे अजून पाहाचं राह्यलं."

उरलेली अठरा पुस्तकं त्यांनी सहा दिवसांत दिली. तपासणी नीट पार पडली, आलेल्या साहेबांनी बांधणीची स्तुती केली तेव्हा दादासाहेब म्हणाले, "आमच्याच छापखान्यात तयार झालेला माणूस." दरसालचं काम मात्र पुंडलिकभाऊंकडून गेलं. आणि गावात ते 'पुस्तकं नेणारा बाइंडर' झाले. बद्रीशेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मी नाही म्हणत. लोक म्हणतात." शाळांनी वह्या द्यायच्या बंद केल्या. माझ्या शाळेनंही. मी शिक्षकांच्या सभेत त्यांची बाजू मांडायचं ठरवत होतो. आज, पुढच्या खेपेला, असं करता करता वर्ष गेलं. त्यांच्या दाराला कुलूप दिसलं की मी कान देऊन पाही. आतून आवाज येत नसे. ते खरोखरच बाहेर असत.

त्यानंतर दोनेक वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी एस.टी.नं जळगाव जामोदला निघालो होतो. वाटेत एका गावचा बाजार भरला होता. गाडी पंधरा मिनिटं थांबणार, असं कंडक्टर म्हणाला. खिडकीतून मला भाजीच्या रांगेच्या टोकाला गोदावहिनी दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी पोतं अंथरून पुंडलिकभाऊ. पुढ्यात दाभण, दोरा, पुठ्ठ्यांचे तुकडे. बाया-माणसं फाटक्या पोथ्या, पोरांची पुस्तकं, पंचांग घेऊन भोवती बसली होती. तिथल्या तिथे शिवून द्यायचं आणि पुढचं घ्यायचं, असं काम.

मी खाली उतरलो. चार माणसांच्या मागे उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. केस पुष्कळ पिकले होते.

"गुरुजी! काय आणलं?"

माझ्याजवळ काही नव्हतं. मी खाली बसलो आणि म्हणालो, "पुंडलिकभाऊ, ती चिठ्ठी मी लिहिली होती."

त्यांनी एका पोथीची पानं जमिनीवर ठोकून सारखी केली. "ठाऊक हाय."

"दादासाहेबांनी सांगितलं?"

"काहाले सांगतीन? तुमचं अक्षर म्या तीनशे पुस्तकायच्या पाठीवर पाह्यलं. पाठ काढाच्या आधी तुमी नंबर लिहिलेली चिकटपट्टी जपून सोडवा लागे. दादासाहेबानं कागद वर धरला तवाच समजलं."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? नेत तं होतोच." ते दोरा मेणावरून ओढत होते. मग म्हणाले, "तुमी उतरून खाली येऊन हाक मारली असती तं मले बरं वाटलं असतं. एवढंच."

ती पोथीवाली बाई आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होती. गोदावहिनींनी वजनकाटा खाली ठेवला होता.

पुंडलिकभाऊंनी पोथी पुठ्ठ्यात बसवली आणि माझ्यापुढे केली. पुस्तक दाबून धरायचा शिकंजा ते बाजारात आणत नसावेत. "आलेच तं हे धरा. दोन्ही हातानं. दाबून."

मी धरली. त्यांनी दाभणानं भोक पाडलं, सुई घातली, दोरा ओढला. माझ्या बोटांना पानं सरकत असलेली जाणवली. मागे एस.टी.चा हॉर्न वाजला. कंडक्टर हाका मारत होता. मी वळून पाहू लागलो.

"हालू नका," ते म्हणाले. त्यांनी दुसरं भोक पाडलं. दोऱ्याचं टोक दातात धरलं होतं, त्यामुळे शब्द अर्धेच निघाले. "अजून चार टाके हायेत."

हॉर्न पुन्हा वाजला. पुंडलिकभाऊंनी वर पाहिलं नाही. त्यांचा हात ना घाईनं चालत होता, ना सावकाश. मी पोथी दाबून धरली होती.